मामाच्या ताब्यात

आमच्या घरात माणसांच्या बोलण्यापेक्षा कात्रीचा आवाज जास्त असायचा. माझी आई, तिला मी अव्वा म्हणायची, विड्या वळायची. आदल्या दिवशी कारखान्यातून आणलेली तेंदूची पानं ओल्या गोणपाटात मुरत ठेवलेली असत. सकाळी ती सोडायची, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा आणि कात्री चालवायची. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि तिची बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई झोपेतही विड्या वळत असणार. वळायचीही. दुपारी बसल्या जागी डोळा लागला तरी बोटं चाळवतच असत. आमची भाकरी, वाकळ, केस, सगळ्याला तंबाखूचा वास. शाळेत काही पोरी माझ्याशेजारी बसताना नाक मुरडायच्या. पण सोलापुरात आमच्या त्या भागात निम्म्या घरांतून हेच काम, त्यामुळे नाक मुरडणारीच्या वेणीलाही तोच वास यायचा.

माझे वडील, अप्पा, गिरणीत होते. खोकल्यानं गेले. त्यांचं मला आठवतं ते एवढंच, की भोंगा झाला की ते सदरा झटकून उभे राहायचे. ते गेल्यावरही कितीतरी दिवस भोंगा झाला की अव्वा दाराकडं बघायची. त्यांच्यामागं आम्हाला आधार झाला तो बिराप्पामामाचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यावरून तो राक्षस वाटेल. राक्षस नव्हता. अव्वाचा धाकटा भाऊ, अक्कलकोटच्या खाली कानडी मुलखाला लागून असलेल्या गावात राहणारा, थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं बाळगून असलेला माणूस. सुगी झाली की ज्वारीचं पोतं, शेंगा, हुलगे एस्टीच्या टपावर टाकून आमच्या दारात हजर. रेशनच्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लालसर भाकरी खाऊन वीट आलेल्या आम्हाला ती पांढरी ज्वारी म्हणजे सणच. अव्वा त्या दिवशी तेल सुटेपर्यंत उखळात शेंगाची चटणी कुटायची आणि पहिली भाकरी मामाच्या ताटात टाकायची. तो म्हणायचा, "अक्का, पोरीला दे आदी." मी खूश. माझी एवढी काळजी कशासाठी, ते कळायला मला न्हाण यावं लागलं.

आमच्यात बहिणीच्या मुलीवर पहिला हक्क मामाचा. त्यानं नको म्हटलं तरच बाहेरचा नवरा बघायचा. माझी सून नाशिककडची. तिला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिच्या हातातला चहा बशीत सांडला. पण आमच्या आळीत, धनगरांत काय, शेजारच्या तेलुगू विणकरांत काय, हे भाकरीसारखं रोजचं होतं. पोरगी शहाणी झाली की मामा हिरवी साडी घेऊन यायचा. माझ्या वेळी तसाच आला. मला पाटावर बसवलं, शेजारच्या बायकांनी गाणी म्हटली, खोबरं, गूळ, डिंक समोर आला. जन्मात पहिल्यांदा भातावर तूप मिळालं, तेही मागेन तेवढं. मी लोचटासारखी मागत राहिले. मामा उंबऱ्यावर बसला होता. तो माझ्याकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघणाऱ्या बायकांकडं बघत होता. बाजारातून नवा बैल आणलेला माणूस गावाकडं बघतो तसा. तेव्हा मी हातातला घास ताटात ठेवला.

कारण मामाच्या घरात मामी होती. तिच्या पोटी मूल नव्हतं, म्हणून दुसरी हवी होती, आणि दुसरी म्हणजे मी. मामीवर माझा फार जीव. उन्हाळ्यात मी त्यांच्या गावी जायची तेव्हा ती मला दह्यात कालवलेल्या कण्या खायला घालायची, डोक्याला तेल लावायची. तिच्या दंडावर मेंढरं बांधायच्या दोराचे वळ असायचे, काही जुने, काही ताजे. एकदा मी बोट ठेवून विचारलं, दुखतं का. ती हसली. म्हणाली, "आता न्हाय दुखत. सवं झाली." आणि माझ्या केसांतून फणी ओढता ओढता, जसं काही उद्याच्या कालवणाचं बोलावं तसं, "तू येशील तवा येक तर मला हाकलतील, न्हायतर दोगी मिळून खाऊ मार. तू आलीस तर मला सोबत हुईल बग." तिच्या बोलण्यात माझ्याबद्दल राग नव्हता. राग असता तर मी कदाचित इतकी घाबरले नसते.

मी अव्वाला सांगितलं. एकदाच सांगितलं, कारण आमच्यात एकदाच सांगायची पद्धत. "अव्वा, मला मामाकडं न्हाय जायाचं."

"गप," ती म्हणाली. सुपातून मान वर केली नाही. "त्यानं तगवलंय आपल्याला. मी कोन्त्या तोंडानं त्येला न्हाय म्हनू? माहेर म्हनून येवढं येक दार हाय मला."

त्या दिवशीच्या तिच्या विड्या कारखान्यातल्या तपासनिसानं निम्म्याहून जास्त छाटात काढल्या. वाकड्या, ढिल्या, टोकं न मुडपलेल्या. अव्वाच्या विड्या छाटात गेल्या हे आळीत कुणाला खरं वाटेना. मला मात्र त्याचा अर्थ लागला नाही. मी चौदाच्या आतबाहेर होते, आणि मला आईचा राग आलेला होता. राग आला की माणसाला दुसऱ्याची बोटं दिसत नाहीत.

लग्न उन्हाळ्यात करायचं ठरलं. त्यानंतर एका दुपारी अव्वानं नेहमीप्रमाणे वळलेल्या विड्यांचे कट्टे पाटीत रचले, वरून फडकं बांधलं आणि पाटी माझ्या डोक्यावर दिली. "नीट जा, देऊन ये," म्हणाली. मी निघाले. कारखान्याच्या वळणावर माझे पाय वळलेच नाहीत, सरळ स्टेशनकडं गेले. पळून जाणारी माणसं विचार करून पळतात असं ज्यांना वाटतं ती स्वतः कधी पळालेली नसतात. पाटी कुठंतरी ठेवावी एवढंही मला सुचलं नाही. फलाटावर पुण्याकडची गाडी आली, उभी राहिली, निघून गेली, आणि मी डोक्यावर पाटी घेऊन बघत राहिले. अशा पोरीला पोलिसानं धरलं नसतं तरच नवल.

हवालदार पोटसुट्या, घामाघूम, पण आवाजानं मऊ होता. "कुनाच्या विड्या गं?" मी गप्प. "कुनाची पोर तू?" मी गप्प. "मुकी हाय का?" त्यानं चहा पाजला, बटर खायला दिलं. मी ते खाल्लं आणि पुन्हा तोंड मिटलं. मला पक्कं ठाऊक होतं, तोंड उघडलं की हा भला माणूस मला घरी पोचवणार. न बोलणाऱ्या पोरीच्या पाटीत एवढा माल, म्हणजे तो चोरीचा, हे त्याच्या बाजूनं बरोबरच होतं. अशी मी चोर झाले.

रिमांड होम म्हणजे दगडी भिंतींचं, वर पत्रे असलेलं बैठं घर. आवारात एक कडुनिंब, एक हातपंप. उठायला घंटा, जेवायला घंटा. आमटी इतकी पातळ की तिच्यात आपलं तोंड दिसावं. पण बरोबर खायला कुणीतरी असायचं, आणि भाकरी दुसऱ्यानं थापलेली असायची. मला ते बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. लक्ष्मी नावाची एक तेलुगू पोरगी माझी मैत्रीण झाली. कारखान्यातून टॉवेल कमरेला गुंडाळून आणताना सापडली होती, आणि ते टॉवेल कसे मऊ होते हे ती सगळ्यांना सांगायची. चोऱ्या केलेल्या होत्या, हरवलेल्या होत्या, बापानं टाकलेल्या होत्या. एक लहानगी होती, तिच्यावर घरमालकानं हात टाकला होता. ती आमच्यात कुलपाआड, आणि घरमालक आपल्या घरात. तिला दिवसातून एकदा तरी कुणीतरी विचारायचं, "तू काय केलंस?" आणि ती खरंच आठवायचा प्रयत्न करायची. आज मी सत्तरीच्या जवळ आले, जन्म नर्सिंगमध्ये काढला, पुष्कळ पाहिलं. पण त्या पोरीचा तो आठवणारा चेहरा डोळ्यांसमोर आला की अजून माझं डोकं फिरतं.

आमच्या प्रोबेशन ऑफिसर लिमयेबाई पुण्याहून आलेल्या. तरुण होत्या, कडक इस्त्रीची साडी नेसायच्या आणि ती साडी चुरगळेल याची फिकीर न करता आमच्याबरोबर फरशीवर मांडी घालून बसायच्या. प्रत्येक कारखान्याचा विडी बांधायचा दोरा वेगळ्या रंगाचा असतो. माझ्या कट्ट्यांचा दोरा गुलाबी होता, त्यावरून पोलिसांनी कारखाना शोधला आणि कारखान्यानं अव्वाचं नाव सांगितलं. एका सकाळी बाई हसत हसत आल्या. "शेवंता, तुझी आई सापडली. आणि तुझे मामाही आलेत! किती रडत होते गं बिचारे. म्हणाले, पोरीला बाप नाही, मीच आहे तिला."

मी म्हटलं, "मला मामाकडं न्हाय जायाचं, बाई."

"अगं वेडे, ते तुला आपल्या घरी नेणार आहेत. शेत आहे, मेंढरं आहेत, खाऊनपिऊन राहशील. आईची ओढाताणही कमी होईल. मी कोर्टाला तसंच सांगणार आहे, की मुलीला मामांच्या ताब्यात द्यावं."

"न्हाय जायाचं मला."

बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. घर सोडून पळालेल्या पोरी पहिल्यांदा असंच म्हणतात, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलेलं. त्यांच्या मुलखात मामा म्हणजे भाचीला बोहल्यापर्यंत घेऊन येणारा, तिच्या पाठीशी उभा राहणारा माणूस. आमच्यात तो स्वतःच बोहल्यावर चढतो, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आणि त्यांना हे माहीत नसेल हे माझ्या स्वप्नात नव्हतं. एवढी शिकलेली बाई, तिला मामा कशाला आला ते कळत नसेल? मला वाटलं, सगळं समजून उमजून ही मला त्याच्या हाती देतेय. मी त्यांच्याशी बोलायचं सोडलं.

पोरांचं कोर्ट रिमांड होमच्याच एका खोलीत भरायचं. काळे कोट नाहीत, पिंजरा नाही, एक टेबल आणि समोर बाक. मॅजिस्ट्रेट पिकल्या केसांचे होते. बाकावर मामा बसलेला, धुतलेलं धोतर, लाल फेटा, आणि शेजारी अव्वा, पदर कपाळापर्यंत ओढलेली. मी भिंतीला टेकून उभी. लिमयेबाईंनी आपलं म्हणणं सांगितलं. मॅजिस्ट्रेटनी मान डोलावली आणि अव्वाला विचारलं, "बाई, या विड्या तुमच्याच ना?"

"व्हय, सायब."

"मग मुलगी त्या कारखान्यात द्यायला निघाली आणि भलतीकडे गेली. चोरी वगैरे काही नाही. असंच ना?"

किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. अव्वानं फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. मामा उठायच्या बेतात होता, त्यानं फेटाही सारखा केला. अव्वानं पदर मागं सारला आणि माझ्याकडं बघितलं. पायांपासून डोक्यापर्यंत, सावकाश. मग म्हणाली, "न्हाय सायब. चोरल्यात तिनं."

उठायला निघालेला मामा पुन्हा बाकावर बसला.

"मी पानी आनाया गेल्ते. तवर पाटी उचलून पळाली. आदीबी केलंय. डब्यातलं काढती, शेजारनीचं उचलती. घरात काय ठिवायची सोय न्हाय."

"अक्का, काय बोलतीस तू?" मामा म्हणाला.

"खरं हाय त्येच बोलती. तुज्या घरात न्हेशील तर तुजी मेंढरं इकून येईल ती. तुज्या दाराला बट्टा लागंल, बिराप्पा. पोटची हाय म्हनून मी झाकू व्हय?"

मी किंचाळले. "खोटं! अव्वा, तूच दिलीस की पाटी! तूच बांदलीस!"

अव्वा दोन ढांगांत माझ्यापाशी आली आणि माझ्या तोंडात मारली. "बगा सायब, तोंड बगा हिचं," असं मोठ्यानं म्हणाली, आणि माझी हनुवटी घट्ट धरून, ओठ न हलवता, कानडीत म्हणाली, "सुम्निरू." गप राहा. मला लहानपणी ताप भरायचा, मी बरळायची, तेव्हा ती ज्या आवाजात ते म्हणायची त्याच आवाजात. मला सगळं कळलं, आणि मी गप राहिले.

मॅजिस्ट्रेटनी तिला पुन्हा विचारलं, मुलीला घरी न्यायला तयार आहात का. "न्हाय. हितंच ठिवा. शानी हुईल तवर ठिवा," अव्वा म्हणाली. मामा मागं सरकला होता. "असली चोरटी न्हाय चालत आमच्यात," असं तो कुणाला उद्देशून नव्हे, भिंतीला म्हणाला. माझ्यावरचा त्याचा हक्क असा गेला. मला अठरा वर्षांची होईपर्यंत संस्थेत ठेवायचा हुकूम झाला. मामाला कुणी काही विचारलं नाही. तो एस्टी धरून आपल्या गावी गेला आणि कुलूप मला लागलं. अव्वाला सरळ सांगता आलं असतं, हा माझ्या पोरीशी लग्न करणार आहे म्हणून. पण सांगितलं असतं तर भाऊ गेला असता, माहेर गेलं असतं, जातीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. तिच्या हातात फक्त पोरीची अब्रू होती, ती तिनं टाकली. या वयात मला तिचा हिशोब नीट समजतो. तेव्हाही समजला होता, पण दुखलं ते दुखलंच.

मामानं त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका पोरीशी लग्न केलं, माझ्याहून लहान असलेल्या. हे मला अव्वानंच सांगितलं, भेटीच्या दिवशी, धपाट्याचा तुकडा माझ्या हातात देत. मला सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. मग मामीचे दंड आठवले, त्या पोरीचे कसे असतील ते डोळ्यांपुढं आलं, आणि मी धपाटं तसंच फडक्यात बांधून ठेवलं. तिचं नाव मला माहीत नाही. मी विचारलं नाही, अव्वानं सांगितलं नाही.

पावसाळ्यात आम्ही पोरी व्हरांड्यात तांदूळ निवडत बसलो होतो. लक्ष्मीला चेष्टेची खुमखुमी. "शेवंताचा नवरा बगितलाव का तुमी? लाल फेटा, पांढरं धोतर!" लिमयेबाई शेजारीच होत्या. "कोण गं नवरा?"

"त्यो मामा की, बाई. कोर्टात आला हुता त्यो."

"शी! असं घाणेरडं बोलू नये, लक्ष्मी. मामा वडिलांसारखा असतो."

सगळ्या पोरींचे हात थांबले. बाईंनी काहीतरी भलतंच म्हटल्यासारख्या सगळ्या त्यांच्याकडं बघायला लागल्या. लक्ष्मी समजावणीच्या सुरात म्हणाली, "बाई, आमच्या अक्काचा नवरा मामाच हाय. अम्माचा पन मामाच."

मी म्हटलं, "तुमाला ठावं नव्हतं व्हय, बाई?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मला सांगितलं का नाहीस तू?"

"सांगितलं की. मामाकडं न्हाय जायाचं म्हनून."

त्या उठून गेल्या. संध्याकाळी मला आपल्या खोलीत बोलावलं. डोळे रडून सुजलेले होते. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. म्हणाल्या, "मी साहेबांना सगळं सांगते. तुझ्या आईला पुन्हा बोलावू. ती खरं बोलली की तुझ्यावरचा चोरीचा आळ जाईल. तू घरी जाशील, शेवंता, आईजवळ."

आईजवळ. मला आमची खोली दिसली, सूप दिसलं, तिची बोटं दिसली. जावंसं फार वाटलं. पण अव्वा कोर्टात खोटं बोलली हे उघड झालं असतं की गोष्ट त्या गावापर्यंत जायला एक एस्टी पुरे होती. मग भावाच्या दारात तिला कुणी उभं केलं नसतं. आणि माझ्यावरचा आळ गेला की, दुसरी केली असली तरी तिसरी म्हणून मला न्यायला मामाला कोण अडवणार होतं?

"नको, बाई," मी म्हटलं. "मला चोरच ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यांसमोर कोठीघराची किल्ली माझ्या हातात ठेवली. रोजचं धान्य, तेल, गूळ मी काढून द्यायचा, आणि कुलूप मी लावायचं. स्वयंपाकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्याव की ओ बाई!"

"असू दे," लिमयेबाई म्हणाल्या.

ती किल्ली मी संस्थेतून बाहेर पडेपर्यंत माझ्या कमरेला होती, आणि त्या कोठीतलं काही कधी कमी पडलं नाही. फक्त पहिल्या दिवशी, दार आतून लोटून घेऊन, मी ढेपेतला गुळाचा एक खडा तोडला आणि तोंडात टाकला. चोर म्हणून नाव लागलंच होतं. म्हटलं, एकदा करून तरी बघावं.